एक उच्चार, दोन शब्द

आमच्यापैकी एकजण सातवीच्या वर्गाला इंग्रजी शिकवत असतानाची गोष्ट. श्रुतलेखन चालू होते. ‘द सन इज अ स्टार’ हे वाक्य सांगितले. वह्या तपासताना एका मुलीच्या वहीत ‘सन’ हा शब्द एस-ओ-एन असा लिहिलेला सापडला. म्हणजे सूर्याच्या जागी मुलगा! लाल शाईने काट मारून बाजूला बरोबर स्पेलिंग लिहून दिले. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. म्हणाली, ‘‘सर, तुम्ही ‘सन’ म्हणालात, मी ‘सन’च लिहिलं. ऐकायला दोन्ही सारखेच आहेत, मग लिहायला वेगळे का?’’

उत्तर मिळाले, ‘‘इंग्रजीत तसंच असतं. पाठ कर.’’

विज्ञानाच्या तासाला एखाद्या मुलाने ‘चंद्र रोज वेगळा का दिसतो?’ असे विचारले आणि आपण ‘तसंच असतं, पाठ कर’ म्हणालो, तर ते आपल्याला स्वतःलाच खटकते. भाषेच्या तासाला मात्र ते खटकत नाही. त्या मुलीचा प्रश्न चंद्रकलांच्या प्रश्नाइतकाच सरळ होता आणि त्याला उत्तरही आहे. फक्त ते व्याकरणाच्या पुस्तकात नाही, इतिहासात आहे. ते शोधताना आम्हाला जे सापडले ते या लेखात मांडत आहोत.

कानाचे जुळे, डोळ्यांचे जुळे

आधी थोडी वर्गवारी करू या. इंग्रजीतल्या सारख्या शब्दांचे ढोबळ मानाने तीन गट पडतात. पहिला गट कानाचे जुळे : उच्चार एक, स्पेलिंग वेगळे. ‘सी’ म्हणजे पाहणे (एस-डबल-ई) आणि ‘सी’ म्हणजे समुद्र (एस-ई-ए). दुसरा गट डोळ्यांचे जुळे : स्पेलिंग एक, उच्चार वेगळे. एल-ई-ए-डी हे ‘लीड’ वाचले तर नेतृत्व करणे, ‘लेड’ वाचले तर शिसे. तिसरा गट पूर्ण जुळ्यांचा : उच्चारही तोच, स्पेलिंगही तेच, अर्थ मात्र निराळा. ‘बार्क’ म्हणजे कुत्र्याचे भुंकणे आणि ‘बार्क’ म्हणजेच झाडाची साल.

असे शब्द मराठीतही आहेत. ‘दिन’ आणि ‘दीन’ बोलताना आपण क्वचितच वेगळे उच्चारतो. ‘जरा थांब’ मधला ‘जरा’ आणि ‘जरा’ म्हणजे म्हातारपण, हे लिहायला एकच. पण पहिल्यातला ‘ज’ दंततालव्य आणि दुसऱ्यातला तालव्य. म्हणजे आजार आपल्या ओळखीचा आहे. पण मराठीत तो तुरळक आढळतो, इंग्रजीत मात्र पानोपानी. असे का व्हावे?

मुलगा आणि सूर्य

त्या मुलीच्या शब्दापासूनच सुरुवात करू. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हे दोन शब्द सारखे नव्हतेच. मुलगा म्हणजे ‘सुनु’ आणि सूर्य म्हणजे ‘सुन्ने’. कोणीही ऐकून ओळखावे असे हे दोन वेगळे शब्द होते. पुढे काही शतकांत इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडून शब्दांच्या शेवटचे स्वर हळूहळू गळून पडले. दोन्हींचा राहिला ‘सुन’. मग सतराव्या शतकाच्या सुमारास दक्षिण इंग्लंडमध्ये अशा शब्दांतल्या ‘उ’चा ‘अ’ झाला आणि ‘सुन’चा ‘सन’ झाला. उत्तर इंग्लंडच्या बोलीत आजही ‘सुन’च ऐकू येतो.

मग मुलाच्या ‘सन’मध्ये ‘ओ’ कोठून आला? मूळ शब्दात तर ‘यू’ होता. याचे कारण अभ्यासक लेखनिकांच्या हातात शोधतात. मध्ययुगीन लेखनिक ज्या वळणाने लिहीत, त्यात ‘आय’, ‘एन’, ‘एम’, ‘यू’ ही सर्व अक्षरे म्हणजे एकासारख्या एक छोट्या उभ्या रेघा असत. ‘यू’ला दोन, ‘एन’ला दोन, ‘एम’ला तीन. अशी अक्षरे शेजारी शेजारी आली की कुंपणाच्या काठ्यांसारखी रांग दिसे आणि कोठे तोडून वाचायचे ते कळेना. म्हणून अशा रेघांच्या शेजारी येणाऱ्या ‘यू’ऐवजी ‘ओ’ लिहिण्याची पद्धत पडली. ‘लव्ह’, ‘कम’, ‘सम’, ‘मंक’, ‘वंडर’ या सर्व शब्दांत आपण ‘अ’ उच्चारतो आणि ‘ओ’ लिहितो, त्याचे मूळ येथे आहे. सूर्याच्या शब्दात मात्र ‘यू’ टिकून राहिला. म्हणजे ज्या फरकासाठी आम्ही त्या मुलीला लाल काट मारली, तो फरक लेखनिकांनी वाचकाच्या सोयीसाठी केलेल्या एका तडजोडीतून आला.

या दोन शब्दांचे आपल्याशी जुने नातेही आहे. शिवाजी महाराजांची राजमुद्रा आपल्या शाळांमधल्या मुलांना तोंडपाठ असते. तिच्यात ‘शाहसूनोः’ असा शब्द आहे. म्हणजे शहाजीच्या पुत्राची. संस्कृत ‘सूनु’ आणि जुने इंग्रजी ‘सुनु’ ही भावंडे आहेत. तसेच ‘सूर्य’ आणि इंग्रजी ‘सन’ यांचेही मूळ एक आहे. याचा अर्थ इंग्रजी शब्द संस्कृतातून आले असा मात्र नाही. १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच, कदाचित आता नाहीशा झालेल्या, भाषेपासून निघाल्या असाव्यात असा विचार मांडला. इंग्रजी ज्या शाखेतली आहे ती जर्मानिक शाखाही याच कुळातली. म्हणजे संस्कृत ही इंग्रजीची आई नाही, मावशीसारखी नातलग आहे.

आणि केवळ सारखे ऐकू येते म्हणून नाते लावणेही धोक्याचे. फारसीतला ‘बद’ (आपल्या ‘बदनाम’, ‘बदमाश’ मधला) आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा उच्चार जवळचा, अर्थही जवळचा. तरी त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दोन्ही भाषांत शब्दांचा मागे मागे माग काढत गेले की ते दूर जातात. ‘सूनु’ आणि ‘सुनु’ मात्र मागे जावे तसे जवळ येतात. खरे नाते ओळखण्याची परीक्षा ही अशी आहे.

मुका ‘के’ आणि मुके ‘जी-एच’

आता दुसरी जोडी घेऊ. ‘नाइट’ म्हणजे रात्र (एन-आय-जी-एच-टी) आणि ‘नाइट’ म्हणजे सरदार (त्याच्या आधी आणखी एक ‘के’). मुले विचारतात, बोलायचेच नाही तर हा ‘के’ हवा कशाला?

तो लिहिला तेव्हा बोलला जात होता. जुन्या इंग्रजीत रात्र म्हणजे ‘निख्त’ आणि हा दुसरा शब्द ‘क्निख्त’. त्याचा मूळ अर्थ पोरगा, नोकर असा होता. धन्याच्या पदरी असलेला पोरगा पुढे घोड्यावर बसून लढणारा शिपाई झाला आणि शेवटी मानाचा सरदार. जर्मन भाषेत हाच शब्द ‘क्नेख्त’ म्हणून राहिला. तेथे त्याचा अर्थ अजूनही नोकर असाच आहे आणि ‘क’चा उच्चारही अजून होतो.

मधले ‘जी-एच’ हे त्या घशातून घासत येणाऱ्या ‘ख’चे चिन्ह. पूर्वी तेथे नुसते ‘एच’ लिहीत. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले, दरबाराची भाषा फ्रेंच झाली आणि पुढच्या काळात फ्रेंच वळणात वाढलेल्या लेखनिकांनी इंग्रजी शब्द आपल्या पद्धतीने लिहायला घेतले. त्यात ‘एच’चे ‘जी-एच’ झाले, ‘क्वीन’मधल्या ‘सी-डब्ल्यू’चे ‘क्यू-यू’ झाले. नंतर तो घशातला ध्वनी प्रमाण इंग्रजीतून गेला. स्कॉटलंडच्या बोलीत तो ‘निख्त’ म्हणून उरला आहे. ‘क्न’मधला ‘क’ सतराव्या शतकाच्या अखेरीपासून गळू लागला. दोन शब्द एकमेकांवर येऊन आदळले. त्यांचे वेगळेपण फक्त कागदावर शिल्लक राहिले.

या मुक्या ‘जी-एच’ला आपणही ओळखतो. दिवसभर उपास करून रात्री जेवायचे, त्या व्रताला आपल्याकडे ‘नक्त’ म्हणतात. संस्कृत ‘नक्त’ म्हणजे रात्र. ‘नक्त’मधला ‘क्’ जेथे आहे, तेथेच इंग्रजी रात्रीचे ‘जी-एच’ आहेत. तसेच ‘दुहिता’ म्हणजे मुलगी. तिच्यातला ‘ह’ आणि ‘डॉटर’ या शब्दातले मुके ‘जी-एच’ समोरासमोर ठेवून पाहा. मुक्या अक्षरांना अडगळ म्हणण्याआधी हे ध्यानात घ्यावे. भूगर्भशास्त्रज्ञाला खडकात शिंपल्याचा ठसा सापडतो, तशी ही अक्षरे आहेत. प्राणी गेला, ठसा राहिला.

छापखाना आला आणि उच्चार पुढे निघाले

१४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने लंडनजवळ वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडमधला पहिला छापखाना घातला. त्याच्यापुढे मोठा पेच होता. इंग्रजीत एक अशी भाषाच नव्हती, प्रांतोप्रांतीच्या बोली होत्या. १४९० मध्ये छापलेल्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने एक गमतीदार प्रसंग सांगितला आहे. काही व्यापारी जहाजाने निघाले होते. वारा पडला म्हणून ते केंटच्या किनाऱ्यावर उतरले. एकाने एका घरी जाऊन अंडी मागितली आणि त्यासाठी ‘एग्ज’ हा शब्द वापरला. घरची बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. व्यापारी चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हते. शेवटी दुसऱ्याने ‘आयरेन’ मागितली, तेव्हा तिला कळले. ‘आयरेन’ हा दक्षिणेकडचा जुना शब्द, तर ‘एग्ज’ हा उत्तरेकडच्या स्कॅन्डिनेव्हियन वसाहतींतून आलेला. आता काय छापावे, असा कॅक्स्टनचा प्रश्न होता.

छापखान्यांनी हळूहळू लंडनकडच्या लेखनाला स्थिर रूप दिले. पण दुर्दैवाने मुहूर्त चुकला. नेमक्या त्याच काळात, साधारण १४०० ते १७०० या तीनशे वर्षांत, इंग्रजीतले सर्व दीर्घ स्वर आपापल्या जागा सोडून सरकत होते. डेन्मार्कचे भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी १९०९ मध्ये या घडामोडीला ‘ग्रेट व्हॉवेल शिफ्ट’, म्हणजे स्वरांचे महास्थलांतर, असे नाव दिले. पूर्वीचा ‘ई’ होता त्याचा ‘आइ’ झाला, ‘ए’चा ‘ई’ झाला, ‘ओ’चा ‘ऊ’ झाला, ‘ऊ’चा ‘आउ’ झाला. चंद्र ‘मोन’ होता तो ‘मून’ झाला. घर ‘हूस’ होते ते ‘हाउस’ झाले. आणि ‘नेम’ हा शब्द पूर्वी जवळजवळ ‘नाम’ असाच बोलला जाई! स्पेलिंग मात्र शिशाच्या खिळ्यांत अडकून जागच्या जागी राहिले. आज आपण इंग्रजी लिहितो ते बरेचसे पाचशे वर्षांपूर्वीच्या उच्चारांनुसार आणि वाचतो ते आजच्या.

‘मीट’ (भेटणे) आणि ‘मीट’ (मांस) यांचे रहस्य येथेच आहे. भेटण्याच्या ‘मीट’मध्ये डबल ‘ई’ आहे. तो लांब ‘ए’ होता. मांसाच्या ‘मीट’मध्ये ‘ई-ए’ आहे. तो त्याहून अधिक तोंड उघडून केलेला, ‘ॲ’कडे झुकणारा स्वर होता. दोन ध्वनी वेगळे, म्हणून स्पेलिंगे वेगळी. दोन्ही स्वर वर सरकत गेले आणि १७०० च्या सुमारास दोघेही ‘ई’ या एकाच पायरीवर येऊन बसले. ‘सी’ आणि ‘सी’, ‘वीक’ आणि ‘वीक’ (आठवडा व दुबळा) या जोड्याही तशाच जुळल्या. ‘ई-ए’वाले काही शब्द मात्र वाटेतच थांबले : ‘ग्रेट’, ‘ब्रेक’, ‘स्टेक’. म्हणून मोडण्याचा ‘ब्रेक’ सायकलच्या ‘ब्रेक’शी जुळा झाला!

पंडितांची दुरुस्ती

छापखान्याबरोबर लॅटिन विद्येचे प्रेमही वाढले. पंधराव्या-सोळाव्या शतकांत विद्वानांना वाटू लागले की शब्दांनी आपले लॅटिन कूळ मिरवावे. कर्ज या अर्थाचा ‘डेट’ फ्रेंचमधून साधा डी-ई-टी-टी-ई असा आला होता. लॅटिन ‘डेबिटम’ची आठवण म्हणून त्यात ‘बी’ घुसवला. तो ‘बी’ इंग्रजीत कधीच कोणी उच्चारला नाही.

याहून मजेदार गोष्ट ‘आइल’ या जोडीची. ‘आइल’ म्हणजे बेट. हा शब्द लॅटिन ‘इन्सुला’वरून आला, म्हणून त्यात ‘एस’ आहे. दुसरा ‘आइल’ म्हणजे चर्चमध्ये दोन बाजूंना असणारे सोपे आणि आता विमानात खुर्च्यांच्या मधली वाट. तो लॅटिन ‘आला’वरून, म्हणजे पंखावरून, आला. त्यात ‘एस’ असण्याचे काही कारण नाही. पण बेटाशी गोंधळ होऊन ‘एस’ घुसला, आणि पंखासाठीच्या फ्रेंच शब्दाच्या वळणावर पुढे ‘ए’ लागला. येथे स्पेलिंगमुळे शब्द ओळखू येत नाही, उलट दिशाभूल होते. तेव्हा प्रत्येक मुके अक्षर प्राचीन ठसा असतो असेही समजू नये. काही ठसे नंतर कोणीतरी कोरलेले असतात.

एकाचे दोन

आतापर्यंत आपण दोनाचे एक झालेले शब्द पाहिले. काही जुळे उलट वाटेने आले. ते मुळात एकच शब्द होते. ‘फ्लॉवर’ म्हणजे फूल आणि पिठाचा ‘फ्लॉर’ हा एकच शब्द. दळलेल्या गव्हातला सर्वांत बारीक, निवडक भाग तो गव्हाचे ‘फूल’. दोन्ही अर्थांना दोन्ही स्पेलिंगे चालत. सॅम्युएल जॉन्सन यांच्या १७५५ च्या प्रसिद्ध शब्दकोशातही ते वेगळे केलेले नाहीत. धातूचा ‘मेटल’ आणि अंगच्या धमकेचा ‘मेटल’ (डबल टी-एल-ई) हेही मुळात एकच.

शिक्षकांना नेहमी अडवणारी जोडी म्हणजे ‘स्टेशनरी’. एक ‘ए-आर-वाय’वाली, म्हणजे स्थिर. दुसरी ‘ई-आर-वाय’वाली, म्हणजे वह्या-कागद. मध्ययुगात बहुतेक विक्रेते फिरून माल विकत. विद्यापीठांच्या आसपास पुस्तके विकणाऱ्यांची दुकाने मात्र एका जागी ठाम असत. म्हणून त्यांना ‘स्टेशनर’, म्हणजे स्थानावरचे, म्हणू लागले. त्यांच्या लंडनमधल्या संघाला १५५७ मध्ये राजाज्ञापत्र मिळाले. स्टेशनर विकतो ती स्टेशनरी. एवढी गोष्ट सांगितली की ‘ई’ कोणाचा आणि ‘ए’ कोणाचा हे मुले विसरत नाहीत.

विज्ञानाच्या तासाला

विज्ञान शिकवणाऱ्यांनाही हे जुळे सुटत नाहीत. ‘मास’ म्हणजे वस्तुमान आणि ‘मास’ म्हणजेच चर्चमधली प्रार्थना. पहिला ग्रीक ‘माझा’वरून, म्हणजे बार्लीच्या पिठाच्या भाकरीवरून, लॅटिनमध्ये ‘मासा’ म्हणजे गोळा होऊन आला. न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त द्रव्याच्या परिमाणाला हाच शब्द लावला. दुसरा आला तो प्रार्थना संपल्यावर लोकांना निरोप देताना म्हणतात त्या लॅटिन वाक्यातल्या ‘मिसा’ या शब्दावरून. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

‘मोल’ची गंमत त्याहून मोठी. त्वचेवरचा तीळ म्हणजे मोल; तो जुन्या इंग्रजीतल्या ‘डाग’ या अर्थाच्या शब्दावरून आला. जमिनीत बिळे करणारा एक प्राणी म्हणजे मोल. बंदरातला दगडी धक्का म्हणजेही मोल. तो लॅटिन ‘मोलेस’, म्हणजे अवजड ढीग, यावरून आला. आणि रसायनशास्त्रातला मोल? ‘मोलेस’चे लघुरूप ‘मोलेक्युला’, म्हणजे इवलासा ढीग. त्यावरून ‘मॉलिक्यूल’. जर्मन भाषेतल्या त्याच शब्दाचे ‘मोल’ असे छोटे रूप विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांनी १८९० च्या दशकात रूढ केले. म्हणजे बंदरातला धक्का आणि रसायनशास्त्रातला मोल ही एकाच घरची मंडळी. एका मोलमध्ये ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण असतात, अशी नेमकी व्याख्या २०१९ पासून लागू झाली. इवल्याशा ढिगाचा पुन्हा केवढा ढीग!

डोळ्यांच्या जुळ्यांमध्ये एम-आय-एन-यू-टी-ई घ्या. ‘मिनिट’ वाचले तर वेळ, ‘मायन्यूट’ वाचले तर अतिसूक्ष्म. शब्द एकच, लॅटिन ‘मिनुटा’, म्हणजे बारीक केलेले. खगोलशास्त्रज्ञ अंशाचे साठ भाग करीत. तो ‘पहिला बारीक भाग’. त्याचे पुन्हा साठ केले की ‘दुसरा बारीक भाग’. पहिल्याचे मिनिट झाले आणि दुसऱ्याचे ‘सेकंद’. ‘सेकंद’ म्हणजे दुसरा आणि ‘सेकंद’ म्हणजे मिनिटाचा साठावा भाग, हे जुळेही मग आपोआप सुटते.

गोंधळ झाला तर भाषा काय करते?

एवढे जुळे घेऊन भाषा चालते कशी? बहुतेक ठिकाणी वाक्यच निवाडा करते. समुद्राच्या जागी ‘पाहणे’ येऊच शकत नाही. पण दोन शब्द एकाच अंगणात, एकाच प्रकारच्या वाक्यात वावरणारे असले तर? फ्रान्सच्या ज्यूल झिल्येरॉं यांनी १९०२ ते १९१० या काळात फ्रान्सच्या बोलींचे नकाशे प्रसिद्ध केले. त्यासाठी एद्मों एद्मों हे त्यांचे सहकारी सायकलवरून गावोगाव हिंडले होते. नैर्ऋत्येकडच्या गास्कनी भागात शब्दाच्या शेवटी येणाऱ्या लॅटिन ‘ल्ल’चा ‘त’ झाला होता. त्यामुळे कोंबड्याच्या जुन्या शब्दाचे रूप ‘गात’ व्हायला हवे. पण मांजरही ‘गात’च! मांजर कोंबड्या पळवणारे, दोघेही एकाच अंगणातले. कोण कोणाला खाल्ले, हे कळणार कसे? नकाशात दिसले ते असे की ज्या भागात हा ध्वनिबदल झाला, नेमक्या त्याच भागात कोंबड्याचा जुना शब्द नाहीसा झाला आणि त्याच्या जागी फेझंट पक्ष्याच्या नावासारखे दुसरे शब्द आले. निसर्गाने मांडलेला प्रयोगच म्हणा ना.

इंग्रजीतले असे उदाहरण ‘लेट’चे. जुन्या इंग्रजीत दोन क्रियापदे होती. एकाचा अर्थ होऊ देणे, दुसऱ्याचा अडवणे. दोन्हींचे ‘लेट’ झाले. परस्परविरुद्ध अर्थांचा एकच शब्द कसा चालावा? ‘अडवणे’ हा अर्थ रोजच्या बोलण्यातून गेला. तो दोन कोपऱ्यांत मात्र उरला आहे. टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला लागून पलीकडे योग्य चौकटीत पडला की पंच ‘लेट’ म्हणतात, म्हणजे अडथळा. आणि आपल्या भारतीय पासपोर्टवर धारकाला विनाअडथळा जाऊ द्यावे अशी जी इंग्रजी विनंती असते, तिच्यातही हा ‘लेट’ आहे.

मग स्पेलिंग सुधारत का नाहीत?

प्रयत्न पुष्कळ झाले, आणि त्यांत शिक्षक पुढे होते. लंडनच्या मर्चंट टेलर्स शाळेचे मुख्याध्यापक रिचर्ड मल्कास्टर यांनी १५८२ मध्ये हजारो शब्दांची स्पेलिंगे सुचवणारे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे, की केवळ उच्चाराप्रमाणे लिहावे तर उच्चार माणसागणिक वेगळे आणि काळाबरोबर बदलणारे. म्हणून रूढी आणि तर्क यांनाही जागा द्यावी. अमेरिकेत नोआ वेब्स्टर हे एकेकाळचे शाळामास्तरच. ‘कलर’मधला ‘यू’ त्यांनी काढला तो टिकला. ‘टंग’ टी-यू-एन-जी असे लिहावे ही सूचना लोकांनी मानली नाही. १९५० मध्ये वारलेले नाटककार बर्नार्ड शॉ यांनी तर नव्या लिपीसाठी मृत्युपत्रात पैसे ठेवले. त्या लिपीत त्यांचे एक नाटक १९६२ मध्ये छापले गेले आणि प्रकरण तेथेच थांबले.

सुधारणेच्या विरोधकांचा एक मुद्दा आपल्या विषयाचाच आहे. उच्चाराप्रमाणे लिहिले तर ‘राइट’ म्हणजे योग्य, लिहिणे आणि धार्मिक विधी हे तिन्ही कागदावरही एक होतील. आज वाचणाऱ्याला जो आधार आहे तो जाईल. यात तथ्य आहे. पण या सोयीची किंमत मुले मोजतात. डंडी विद्यापीठाचे फिलिप सेमूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये युरोपातल्या १३ भाषांमधल्या मुलांचे वाचन तपासून प्रसिद्ध केले. शाळेच्या पहिल्या वर्षाच्या शेवटी बहुतेक भाषांतली मुले ओळखीचे ९० टक्क्यांहून अधिक शब्द बरोबर वाचत होती. इंग्रजी वाचणारी मुले सुमारे एक-तृतीयांश. ही मुले इंग्रजीच्या माहेरची, ब्रिटनमधलीच. मग आपल्या वाडी-वस्तीवरच्या मुलांना ते जड गेले तर त्यात नवल ते काय?

शिवाय आपल्या मुलांच्या वाट्याला आणखी काही जुळे येतात. इंग्रजीत ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ हे दोन वेगळे ध्वनी आहेत. आपल्याकडे एकच ‘व’. त्यामुळे बनियनचा ‘वेस्ट’ आणि पश्चिमेचा ‘वेस्ट’ हे इंग्रजी कानाला वेगळे असलेले शब्द मराठी कानाला जुळे होतात.

वर्गात काय करता येईल?

इतिहास कळला म्हणून स्पेलिंग पाठ करणे टळत नाही, हे आम्ही मान्य करतो. पण तीन गोष्टी करून पाहण्यासारख्या आहेत.

पहिली : जुळे शब्द एकदम जोडीने शिकवू नयेत. ज्या मुलाला एकही नीट येत नाही, त्याचा दोन्ही एकदम शिकवल्याने गोंधळच वाढतो. आधी एक पक्का होऊ द्यावा.

दुसरी : शब्द त्याच्या नातेवाइकांसह द्यावा. ‘टू’ म्हणजे दोन, यातला मुका ‘डब्ल्यू’ मुले विसरतात. पण ‘ट्विन’, ‘ट्वाइस’, ‘ट्वेल्व्ह’ हे त्याच घरचे शब्द फळ्यावर मांडले की तो ‘डब्ल्यू’ ऐकूच येतो. आणि आपला ‘द्वि’ शेजारी लिहिला की त्यातला ‘व’ दिसतो. तोच हा!

तिसरी आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची : चुका सारख्या नसतात. सूर्याच्या जागी एस-ओ-एन लिहिणारे मूल आणि तेथे ‘स्टोन’ लिहिणारे मूल यांना एकच लाल काट देऊ नये. पहिल्याने नीट ऐकले आहे, ध्वनी बरोबर ओळखला आहे, एवढेच नव्हे तर एक खरे इंग्रजी स्पेलिंग आठवून लिहिले आहे. त्याला फक्त कोणता जुळा हे सांगायचे आहे. आमच्यापैकी काहीजण आता अशा चुकांखाली शिसपेन्सिलीने रेघ ओढतात आणि ‘ऐकलेस बरोबर, आता अर्थ पाहा’ असे लिहितात. गुण किती कापायचे ते ज्याने त्याने ठरवावे. निदान मूल चूक कोठे झाली ते समजून घेऊन जाते.

त्या मुलीला तेव्हा उत्तर मिळाले नाही. पुढच्या वर्षीच्या सातवीला मात्र श्रुतलेखनाच्या आधी राजमुद्रा म्हणून दाखवायला सांगितली आणि ‘शाहसूनोः’ या शब्दापाशी थांबवले. उभ्या रेघांची गोष्टही फळ्यावर रेघा काढून सांगितली. तास संपताना मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘‘सर, मग मराठीत ‘दिन’ आणि ‘दीन’ वेगळे का लिहितात?’’

या वेळी ‘तसंच असतं’ म्हणण्याची सोय नव्हती.